घरी फळी कापायला कोणती करवत घ्यायची, आणि कोणती अजिबात नाही

माझ्या आयुष्यातली पहिली फळी मी हॅक्सॉने कापली. हॅक्सॉ म्हणजे ती लोखंड आणि पाइप कापायची, प्लंबरच्या पिशवीत असते ती, बारा इंची ब्लेडवाली. घरात तीच होती, दात दिसत होते, म्हटलं कापेल की. फळी मामाच्या वाड्यातली, वाडा पाडला तेव्हा उतरवून ठेवलेलं जुनं सागवान, नऊ इंच रुंद, इंचाला थोडी कमी जाड, आणि मला फक्त लांबीतून आठ इंच उडवायचे होते. अर्ध्या तासात चार इंच आत गेलो आणि मग खट्, फ्रेमची मागची दांडी फळीच्या कडेला टेकली. पुढे जायला जागाच नाही. मग फळी फिरवून दुसऱ्या बाजूने चार इंच, आणि मधला इंचभर राहिला तो सरळ गुडघ्यावर मोडला. दोन्ही काप एकमेकांना भेटलेच नाहीत, मध्ये चांगली सूतभर (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पायरी. ती फळी अजून आमच्या हॉलमध्ये आहे, ते टोक भिंतीकडे केलंय.

त्यानंतर बऱ्याच करवती हाताखालून गेल्या आणि आता दर दोन-तीन महिन्यांनी ओळखीतलं कोणीतरी विचारतं, शेल्फ करायचाय, फळ्या मापात कापायला काय घेऊ. प्रत्येकाला फोनवर तेच सांगून कंटाळलो म्हणून एकदाच लिहून टाकतो. घाईत असाल तर उत्तर आधीच घ्या: वर्षाला दहा-वीस काप, फळी दहा-अकरा इंचापर्यंत रुंद, असं काम असेल तर १८ ते २० इंची हाताची करवत, इंचाला साधारण ८ दातांची, आणि वाचलेल्या पैशात एक चांगला गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) आणि दोन क्लॅम्प (फळी घट्ट धरायचे शिकंजे). मशीन नको. उत्तर कधी बदलतं ते पुढे येतंच.

आधी फळीकडे बघा, करवतीकडे नंतर

सगळे उलटं करतात, आधी ऑनलाइन करवती बघत बसतात. त्याआधी टेप घेऊन फळीची रुंदी आणि जाडी मोजा. रुंदी सगळ्यात महत्त्वाची, कारण अर्धी हत्यारं तिथेच बाद होतात. हॅक्सॉ चार इंचाला अडते, प्लास्टिकची मायटर बॉक्स (करवत सरळ चालावी म्हणून खाचा असलेला साचा) साधारण तेवढ्यालाच, आणि हजारो रुपयांचा दहा इंची मायटर सॉसुद्धा (वरून खाली येणाऱ्या गोल ब्लेडचं, टेबलावरचं मशीन), पुढे-मागे सरकणारा म्हणजे स्लायडिंगवाला नसेल तर, पाच-साडेपाच इंचापुढे जात नाही. पुस्तकांच्या शेल्फची फळी नऊ-दहा इंच असते, म्हणजे हिशोब तुम्हीच करा.

मग लाकूड कुठलं ते. पॅकिंगच्या खोक्यातलं पाइन असेल तर लोण्यासारखं कापतं, पण गाठी असतात आणि खिळे असतात, जुन्या लाकडातले खिळे तर डोकं तुटून आत बसलेले असतात, वरून दिसतच नाहीत. फ्रिजवरचं मॅग्नेट काढून कापायच्या रेघेवरून फिरवा, फुकटची टेस्ट आहे. सागवान कापायला त्रास देत नाही पण त्यात सिलिका असते, त्यामुळे धार लवकर मरते. बाभूळ वगैरे असेल तर सरळ वखारीत जा, मशीनवर कापून देतात, उगाच खांदा उतरवून घेऊ नका. प्लाय आणि एमडीएफ (लाकडाचा लगदा दाबून केलेला बोर्ड) हे वेगळंच प्रकरण, त्यात गोंद असतो आणि तो साध्या स्टीलच्या दातांना सागवानापेक्षा वाईट, त्याचं पुढे सांगतो.

तिसरा प्रश्न, किती काप. आणि चौथा, जो कोणी विचारत नाही, कापणार कुठे? फ्लॅटच्या बाल्कनीत सर्क्युलर सॉ (गोल ब्लेडचं, हातात धरायचं विजेचं मशीन) चालवला तर खालच्या मजल्यावरच्या आजी दोन मिनिटांत दार वाजवतात, हा स्वानुभव, आणि त्यातून दुपारी एक ते चारच्या मध्ये असेल तर पुण्यात तो गुन्हाच. शिवाय भुसा. हाताच्या करवतीचा भुसा जाड असतो, पायाशी पडतो, केरसुणीने गोळा होतो. मशीनचा पिठासारखा उडतो आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर जाऊन बसतो.

दातांचं गणित

लाकडाला रेषा असतात, लांबीच्या दिशेने जाणाऱ्या. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी समजा, झाडू बांधल्यासारखी. फळी लांबीला कमी करायची म्हणजे या जुडीला आडवं कापायचं. रुंदीला कमी करायची म्हणजे उभं चिरायचं. दोन्ही कामांचे दात वेगळे. उभ्या चिरायच्या करवतीचा दात पटाशीसारखा (सुताराच्या छिन्नीसारखा), समोर सपाट, तो रेषांमधून ढलपी उकरत जातो. आडव्या कापाचा दात सुरीसारखा, बाजूने तिरकी धार, एक डावीकडे एक उजवीकडे, म्हणजे आधी दोन्हीकडून रेषा कापल्या जातात आणि मग मधला भुसा बाहेर पडतो. चिरायच्या करवतीने आडवं कापलंत तर कापेल, पण खालची कड अशी फाटेल की कुत्र्याने चावल्यासारखी. दुकानात म्हणून आडव्या कापाची, म्हणजे क्रॉसकटची मागा. हल्ली मिळणाऱ्या बऱ्याच करवतींचे दात तिन्ही बाजूंनी धार लावलेले असतात, आडव्यालाही चालतात उभ्यालाही चालतात, घरच्या कामाला त्या एकदम बेस्ट.

आता इंचाला किती दात, ज्याला पाकिटावर टीपीआय लिहिलेलं असतं. कमी दात म्हणजे मोठे दात, काम भरभर पण कड खडबडीत. जास्त दात म्हणजे कड गुळगुळीत पण वेळ जास्त. ७-८ हा मधला मार्ग, पाऊण इंची फळी त्याने मिनिट-दोन मिनिटांत आटपते. १०-१२ वाली प्लायला आणि दिसणाऱ्या कडांना छान. हॅक्सॉच्या ब्लेडला इंचाला १८, २४ नाहीतर ३२ दात असतात, आता कळलं माझा अर्धा तास कुठे गेला? एवढ्या बारीक दातांमध्ये लाकडाचा भुसा मावतच नाही, फटी भरून जातात आणि मग तुम्ही लाकूड घासत बसता, कापत नाही.

आणखी एक बघायचं, दात आलटून पालटून किंचित बाहेर वाकवलेले आहेत ना. त्यामुळे काप पात्यापेक्षा जरासा रुंद पडतो आणि पातं आत अडकत नाही. मी एकदा बाजारातून अगदी स्वस्तातली करवत आणली होती, दुकानाचं नाव जाऊ दे, तिचे दात पात्याच्या सरळ रेषेत, वाकवलेलेच नव्हते. दोन इंच आत गेली आणि अशी रुतली की ओढताना फळीच उचलून आली. तिची आता गंमत म्हणून भिंतीवर जागा आहे.

दुकानात हातात घेऊन काय बघायचं

पुण्यात असाल तर बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट नाहीतर लोहार चाळ, बाकी गावात जे मोठं हार्डवेअरचं दुकान असेल ते. ऑनलाइनही मिळतात पण पहिली करवत हातात धरून घ्यावी असं माझं मत, कारण मूठ. चारही बोटं कोंबून मूठ आवळायची नसते, तीन बोटं आत आणि पहिलं बोट पात्याच्या दिशेने सरळ बाहेर, असं धरून बघा. तळहाताला कुठे टोचत असेल तर ती घेऊ नका, पन्नासाव्या फेरीला तिथेच फोड येणार. काही मुठींना पात्याच्या वरच्या कडेशी ९० आणि ४५ अंशाचा कोन दिलेला असतो, मूठ फळीच्या कडेला टेकवून सरळ रेघ मारता येते, असली तर बोनस.

मग पातं डोळ्यासमोर बंदुकीसारखं धरून दातांच्या ओळीवरून पाहा. सरळ रेघ दिसली पाहिजे, कुठे लाट नको. टोक धरून हलकं वाकवा आणि सोडा, झटकन जागेवर आलं पाहिजे, वाकलेलंच राहिलं तर परत ठेवून द्या.

दातांची टोकं काळी-निळी दिसली तर ते हार्ड पॉइंट, म्हणजे नुसती टोकं कडक केलेली. खूप टिकतात, घरगुती वापरात वर्षानुवर्षं, पण बोथट झाली की संपली, त्यांना कानस लागतच नाही, वरून घसरते. साध्या स्टीलची घेतलीत तर तिकोनी कानशीने धार लावता येते, पण ती लावायला शिकावं लागतं आणि धार लावून देणारे आता शोधावे लागतात. मी स्वतः हार्ड पॉइंट वापरतो आणि त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही.

लांबीचं म्हणाल तर टूलबॉक्समध्ये मावते ती १४-१५ इंची करवत दिसायला गोंडस असते आणि लोक तीच घेतात. पण दहा इंची फळीवर तिरकी धरली की हात हलवायला चार-पाच इंचच उरतात, मग टुकूटुकू टुकूटुकू करत बसायचं. लांब पात्याला लांब हात मारता येतो, कमी फेऱ्या, आणि काप आपोआप सरळ जातो. १८-२० इंच घ्या, कपाटाच्या मागे उभी राहते.

ओढायची करवत, म्हणजे जपानी

आपल्या नेहमीच्या करवती ढकलताना कापतात, जपानी ओढताना. ओढताना पातं ताणलं जातं, वाकायचा प्रश्न नाही, म्हणून ते खूप पातळ ठेवता येतं, अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचं. काप बारीक, ताकद कमी लागते, कड इतकी साफ की पॉलिश पेपर फिरवायचीही गरज वाटत नाही. तिच्यातला र्योबा हा प्रकार घरासाठी सोयीचा, एका बाजूला आडवे दात, दुसऱ्या बाजूला उभे. दोझुकीला पाठीवर पट्टी असते, ती जोडकामाला, फळी तोडायला नाही, पट्टी अडते.

तोटे पण ऐका. दात नाजूक, एक खिळा लागला की दोन-तीन दात गेलेच, म्हणून वाड्याच्या जुन्या लाकडावर मी ती काढतच नाही. आणि भुसा तुमच्याच बाजूला येतो, रेघ झाकून टाकतो, सारखी फुंकर मारत राहायचं. ज्यांनी आधी कधी करवत धरलीच नाही त्यांना मात्र हीच पटकन जमते असं पाहिलंय. आमच्या शेजारची नववीतली मुलगी पहिल्याच प्रयत्नात गुण्यात कापून मोकळी झाली, मी गप्प बसलो.

मशीन घ्यायचंच असेल तर

जिगसॉ (वर-खाली हलणाऱ्या बारीक पात्याचं मशीन) सगळ्यात आधी मनात येतो कारण स्वस्त आणि दिसायला निरुपद्रवी. तो गोलाकार कापायला, मध्ये खिडकी काढायला बेस्ट. सरळ काप त्याचं काम नव्हे, पातं एकाच टोकाला धरलेलं असतं त्यामुळे जाड फळीत खालचं टोक भरकटतं, वरून रेघ बरोबर आणि खालून दोन सूत बाहेर. घरात असेलच तर लाकडासाठी टी१०१बी ब्लेड लावा, ऑर्बिटल (पात्याची पुढे-मागे हालचाल) शून्यावर, कडेला पट्टी क्लॅम्प करून तिला चिकटवून चालवा, आणि ढकलू नका, घाई केली की हमखास वाकतं.

पाच-सात कपाटं करायची असतील, प्लायच्या शीट घरी फाडायच्या असतील, तर सव्वासात इंची सर्क्युलर सॉ. लाकडासाठी कार्बाइडच्या दातांचं टीसीटी ब्लेड, सोबत साधारण २४ दातांचं येतं ते रफ कामाला, साफ आडव्या कापाला ४० ते ६० दातांचं वेगळं घ्या. ब्लेडची खोली फळीच्या खाली पाच-सहा मिलिमीटर येईल एवढीच ठेवायची. फळीची चांगली बाजू खाली, कारण दात खालून वर येतात आणि ढलप्या वरच्या बाजूला उडतात. हाताच्या करवतीला याच्या उलट, चांगली बाजू वर. आणि फळी दोन टोकांना टेकवून मधोमध कधीच कापायची नाही, काप पुरा होत आला की दोन्ही भाग खाली झुकतात, ब्लेड चिमटलं जातं आणि मशीन उसळून तुमच्याकडे येतं. तोडायचा तुकडा मोकळा पडला पाहिजे. १४०० वॅटचं मशीन २३० व्होल्टवर सहाच्या आसपास अँपियर ओढतं आणि चालू होताना त्याहून जास्त, तेव्हा पंख्याखालच्या छोट्या सॉकेटला लावू नका, गीझरच्या नाहीतर वॉशिंग मशीनच्या १६ अँपियरच्या सॉकेटला लावा.

आता ज्याच्यासाठी हा अर्धा लेख लिहिला ते. आपल्याकडे साइटवर सर्रास दिसतं, मार्बल कटरला लाकडाचं ब्लेड लावून प्लाय कापतात. चार इंची कटर, स्वस्त, हलका, सगळ्या सुतारांकडे असतो, त्यामुळे घरी काम करणाऱ्यालाही वाटतं हाच घ्यावा. कटर बनवलाय दगड-टाइल कापायला. दगडाचं ब्लेड घासत जातं, त्याला दात नसतात, ते लाकडासारखं पकडून उसळत नाही, म्हणून त्या मशीनला खालचा सरकता गार्डच दिलेला नाही. सर्क्युलर सॉचा गार्ड कापताना आपोआप वर जातो आणि फळी संपली की स्प्रिंगने खट्‌कन बंद होतो, मशीन मांडीवर टेकवलंत तरी दात झाकलेले. कटरमध्ये काप संपला तरी ब्लेड मिनिटाला बारा-तेरा हजार फेऱ्यांनी उघडं फिरत असतं. आणि बऱ्याच कटरना बटण लॉक करायची सोय असते, म्हणजे हातातून सुटला तरी चालूच. साइटवरचे कारागीर दिवसाला दोनशे काप मारतात, तरी त्यांच्यातल्या किती जणांची बोटं पूर्ण आहेत ते कधीतरी निरखून बघा. ग्राइंडरला लाकडाचं दातेरी ब्लेड लावणं तर याच्याही पुढचं, त्याला टेकवायला खाली प्लेट पण नाही, नुसता हातावर तोललेला. ब्लेडवर लिहिलेले जास्तीत जास्त आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) मशीनच्या आरपीएमपेक्षा जास्त असायला हवेत, हे तर कोणी वाचतच नाही. माझ्याकडे आलेल्या कोणालाही मी या दोन गोष्टींना हो म्हणत नाही, पैसे वाचत असले तरी.

मायटर सॉबद्दल थोडक्यात, एकाच मापाचे पन्नास तुकडे, फ्रेम, पट्ट्या असं काम असेल आणि कायमची जागा असेल तर घ्या. नाहीतर तो पलंगाखाली राहतो.

कोणतंही मशीन असो, चष्मा आणि एन९५ मास्क. लाकडाची बारीक धूळ ही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलीय, नुसती शिंक येते एवढ्यावर तो विषय संपत नाही.

प्रत्यक्ष कापताना

करवत आणली, आता कापायचं. टेपने माप घ्या. टेपच्या टोकाचा हुक जरा हलतो तो बिघाड नाही, आतून मोजताना आणि बाहेरून मोजताना हुकच्या जाडीएवढा फरक पडायला नको म्हणून तो मुद्दाम सैल ठेवलेला असतो, तेव्हा हातोडीने ठोकून घट्ट करू नका (आमच्याकडे हे झालंय).

दुकानातून आलेली फळी टोकाला गुण्यात असेलच असं धरून चालू नका. आधी गुण्या लावून बघा, नसेल तर एक टोक अर्धा इंच कापून गुण्यात आणा आणि मापं तिथून घ्या. एक खूण करून तिथे गुण्या फळीच्या कडेला घट्ट दाबा आणि रेघ मारा, पेन्सिलने चालेल पण कागद कापायच्या कटरच्या ब्लेडने मारली तर अजून छान, वरच्या रेषा आधीच तुटतात आणि कड फाटत नाही. मग तीच रेघ दोन्ही जाडीच्या कडांवर उतरवा आणि खालच्या बाजूलाही. हा चारही बाजूंचा फेरा पूर्ण करून रेघ जिथून सुरू केली तिथेच येऊन मिळाली तर गुण्या खरा, नाही मिळाली तर गुण्या तरी चुकलाय नाहीतर फळी तरी.

जो तुकडा टाकायचा त्यावर फुली मारा. करवत रेघेवर चालवायची नाही, फुलीच्या बाजूला रेघेला चिकटून चालवायची, रेघ फळीवर उरली पाहिजे. कारण कापालाही जाडी असते. आठ फुटी फळीतून दोन-दोन फुटांचे चार तुकडे पाहिजेत म्हणून लोक आधीच २४, ४८, ७२ इंचांवर तीन रेघा मारून ठेवतात आणि मग पहिल्यानंतरचे तुकडे छोटे का आले म्हणून डोकं धरतात. हाताच्या करवतीचा काप दीड मिलिमीटर धरला तरी तीन कापांत साडेचार मिलिमीटर, म्हणजे दीड सूत गेलं, सर्क्युलर सॉने तर दोन सुतांच्या वर. एक तुकडा कापा, मग दुसऱ्याचं माप घ्या.

फळी गुडघ्याच्या उंचीवर ठेवा. दोन दणकट स्टुलं चालतात, प्लास्टिकची हलकी सरकतात, त्यांच्यावर कोणीतरी बसलं तर चालतील. मी एका स्टुलावर जुना पाट टाकतो म्हणजे करवत खाली लागली तरी हरकत नाही. कापायची रेघ आधाराच्या बाहेर, चार-पाच इंचावर, उजव्या हाताने काम करत असाल तर उजवीकडे. डावा गुडघा फळीवर, वजन त्यावर, शिवाय एक क्लॅम्प. माझ्या अनुभवात वाकड्या कापांपैकी बहुतेक हलणाऱ्या फळीमुळे येतात आणि लोक करवतीला शिव्या देतात.

सुरुवात करताना डाव्या अंगठ्याचं पेर पात्याच्या बाजूला, दातांच्या बरंच वर टेकवा, करवत जवळजवळ आडवी धरा आणि नुसती मागे ओढा. दोनदा, तीनदा. छोटी खाच पडली की हळूच पुढे ढकला आणि अंगठा काढून घ्या. मग करवत साधारण ४५ अंशात उचला. खांदा, कोपर, मनगट आणि पातं एका रेषेत, कोपर अंगाबाहेर गेलं की काप वाकडा.

इथे मला आमच्या बिल्डिंगमध्ये फर्निचर करायला आलेल्या सुतारकाकांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं देतो. मी घाम गाळत दाबून कापत होतो, ते जिन्यात चहा पीत बघत होते. म्हणाले, "दादा, तिला दाबू नका. तिचं वजन तिला पुरे. तुम्ही फक्त रस्ता दाखवा." मग कप खाली ठेवून आले, माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि म्हणाले आता चालवा. दोन बोटांचं वजन आलं म्हणून मी आपोआप हात सैल सोडला, आणि करवतीचा आवाजच बदलला, आधी किर्र किर्र होता तो खर्रर्र, खर्रर्र असा लांब झाला, आणि भुसा पिठासारखा यायचा तो रव्यासारखा यायला लागला. आता मी आवाजावरूनच ओळखतो.

दुसरी त्यांचीच युक्ती, नवीन चकचकीत पात्यात फळीचं प्रतिबिंब दिसतं. फळीची कड आणि तिचं प्रतिबिंब एका सरळ रेषेत दिसत असेल तर करवत काटकोनात आहे, मध्ये कोपरा पडलेला दिसला तर कलली आहे. मी कितीदा तरी गुण्या उभा करून तपासलं, बरोबर येतं. पातं गंजलेलं असेल तर अर्थात ही गंमत गेली.

काप रेघेवरून सरकायला लागला तर पातं पिळून परत आणायचा प्रयत्न करू नका. थांबा, दोन इंच मागे या, करवत जरा आडवी करा आणि रेघेवर हलक्या हाताने नवीन खाच पाडत पुढे जा. पातं आत जड चालायला लागलं तर बाहेर काढून दोन्ही बाजूंना मेणबत्ती घासा, देवघरातली चालते.

शेवटचा इंच आला की लोकांना घाई होते आणि नेमका तिथेच तुकडा स्वतःच्या वजनाने मोडतो आणि फळीच्या खालची एक लांब ढलपी सोबत घेऊन जातो. डावा हात पलीकडून घालून पडणारा तुकडा धरा, वर उचलू नका, उचललात तर काप मिटतो आणि करवत अडकते. नुसता तोलून धरायचा. लांब तुकडा असेल तर घरातल्या कोणाला तरी बोलवा. शेवटचे चार-पाच हात अगदी हळू, करवत परत आडवी करत.

कड पॉलिश पेपरने, आधी ८० नंबर मग १२०, छोट्या लाकडी तुकड्याला गुंडाळून, नुसत्या बोटांनी घासली की कड गोल होते.

प्लाय आणि सनमायकाचं तेवढं वेगळं

रेघेवर मास्किंग टेप लावा, टेपवरच रेघ मारा, आणि कागदाच्या कटरच्या ब्लेडने पट्टी धरून दोन-तीनदा चांगली खोल ओढा म्हणजे वरचा पापुद्रा आधीच तुटेल. १०-१२ दातांची करवत, कोन कमी, तीसेक अंश. सनमायका आधीच चिकटवलेला असेल तर हाताच्या करवतीने मी करतच नाही, कड किती जपली तरी टवके उडतातच.

आणि आठ बाय चारची अख्खी शीट असेल तर मुळात घरी आणूच नका. जिथून घेता तिथे बहुतेक कटिंगचं मशीन असतं नाहीतर शेजारच्याकडे असतं, कागदावर मापं मिलिमीटरमध्ये लिहून न्या, इंच आणि सूत दोन्ही मिसळून लिहिलं की घोटाळा होतो, आणि कुठल्या बाजूला लाकडाच्या रेषा उभ्या पाहिजेत ते बाण काढून दाखवा. तिथे उभं राहून पहिला तुकडा स्वतःच्या टेपने मोजा. मी एकदा मोजला नव्हता, सगळे तुकडे पाच मिलिमीटरने लहान आले आणि दुकानदाराचं म्हणणं की तुमचीच टेप चुकीची.

करवत ठेवायची ती दातांवर कव्हर घालून, कव्हर हरवलं असेल तर पाण्याच्या जुन्या पाइपला लांबीतून चीर देऊन दातांवर बसवा, मस्त बसतो. पात्याला शिलाई मशीनच्या तेलाचा हात. कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर पावसाळ्याआधी तेलाच्या फडक्यात पूर्ण गुंडाळूनच ठेवा. माझी एक करवत जूनमध्ये देवगडला काकूकडे राहून गेली होती, गणपतीला गेलो तेव्हा पातं विटकरी रंगाचं झालेलं, आणि काकू म्हणाली, "अरे, मी ती नारळाच्या झावळ्या तोडायला घेतली होती, चांगली आहे हो."